विळी, गच्ची आणि शेजार

झुंपा लाहिरींच्या १९९९ च्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या संग्रहात ‘मिसेस सेन्स’ नावाची कथा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. कलकत्त्याहून अमेरिकेत आलेली, गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकाची बायको. शाळा सुटल्यावर ११ वर्षांचा एलियट तिच्याकडे असतो. त्याची आई नोकरी करते, एकटी राहते.

आपण वाचतो ते विळीसाठी. जमिनीवर बसून ही बाई विळीवर भाजी चिरते आणि मुलाला सांगते, आमच्याकडे लग्न असलं की शेजारच्या बायका आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर जमतात, रात्रभर गप्पा मारत ढीगभर भाजी चिरतात. झालं! आपण लगेच तिच्या बाजूचे. तिकडे माणसं, इकडे शुकशुकाट. मीही अनेक वर्षं ही कथा अशीच शिकवली. चुकलंच माझं.

कारण बघा, ती एलियटला विचारते, मी आत्ता जोरात ओरडले तर कोणी येईल का? त्याला आठवतं ते असं : शेजाऱ्यांची पार्टी चालू होती, या मायलेकांना बोलावणं नव्हतं, आणि शेवटी आईने फोन करून आवाज कमी करायला सांगितलं. म्हणजे आवाजाची तक्रार करणारी बाईसुद्धा बोलावणं न आलेलीच आहे. लेखिकेने हे इतकं हळू ठेवलंय की निसटून जातं.

दुसरं त्याहून अवघड. मिसेस सेनच्या घरच्यांना वाटतं, ही तिकडे राणीसारखी राहते. फोटो पाठव म्हणतात. चिडून ती कपाटातल्या साड्या भराभर बाहेर फेकते. ज्या गच्चीसाठी जीव तुटतो, त्या गच्चीवरच्या बायकांना खरं सांगायची सोय नाही. परदेशी मुली असलेल्या आपल्या घरांत हे नवं आहे का? ‘कशी आहेस?’ ‘मजेत.’

माझी एक तक्रार आहे. एलियटची आई फार कोरडी रंगवलीय, तिला स्वतःची एखादी रात्र द्यायला हवी होती. पण कथा मुलाच्या नजरेतून आहे, आणि मुलाला आईचं तेवढंच दिसतं, असंही म्हणता येईल.

शेवटी मासे आणायला ती एकटीच गाडी काढते, एलियट सोबत असतो. अपघात होतो. मग तो किल्लीने दार उघडून एकटाच घरी राहू लागतो. ऑफिसातून आईचा फोन येतो, ठीक आहेस ना? तो समुद्राकडे बघत ‘हो’ म्हणतो.