उसने डोळे

'यंत्राने ओळखले' या वाक्यातला कर्ता नेमका कोण, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटेल. पण दृष्टिहीन माणूस औषधाच्या बाटलीसमोर फोनचा कॅमेरा धरून 'ही कोणती गोळी?' असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातील जेफ्री बिगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'विझविझ' ही प्रणाली मांडली. फोटो काढायचा, प्रश्न तोंडी विचारायचा. तो इंटरनेटवर चिल्लर मोबदल्यात किरकोळ कामे करणाऱ्या अनोळखी माणसांकडे जाई आणि त्यांनी लिहिलेले उत्तर फोन वाचून दाखवी. उत्तर लवकर यावे म्हणून या कामगारांना आधीच गोळा करून ठेवत आणि नवा प्रश्न येईपर्यंत जुन्याच प्रश्नांची उत्तरे द्यायला लावत. ज्या बाजारातून ही माणसे येत, त्याचे नाव अ‍ॅमेझॉनने 'मेकॅनिकल टर्क' ठेवले आहे. १७७० साली केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारा एक 'स्वयंचलित' पुतळा तयार केला होता. त्याच्या पेटीत खराखुरा खेळाडू दडून बसे. त्यावरून घेतलेले हे नाव. थट्टेने ठेवलेली नावे कधी कधी जाहिरातीपेक्षा प्रामाणिक असतात.

२०११ मध्ये विझविझ सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा उत्तर कोणाकडून हवे हे विचारणारा ठरवू शकत असे: वेतनी कामगार, ईमेलवरचा परिचित, ट्विटरवरची मंडळी किंवा चित्र ओळखणारा संगणक. माझ्या मते त्या प्रणालीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. शर्टाचा रंग कोणीही सांगावा. बँकेचे पत्र मात्र परक्याला दाखवायचे की नाही, हा निर्णय ज्याचे पत्र त्याचाच. आपल्याकडे पोस्टमन निरक्षरांना पत्र वाचून दाखवत असे. त्यालाही घरातले सगळे कळे, पण तो कोण आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे, आणि वाईट बातमीपाशी तो क्षणभर थांबे.

या प्रश्नांचा पुढचा प्रवास फारसा सांगितला जात नाही. त्यांतले एकतीस हजारांहून अधिक प्रश्न, खाजगी मजकूर असलेली चित्रे वगळून, प्रत्येकी दहा माणसांच्या उत्तरांसह २०१८ मध्ये संशोधकांनी यंत्रांची परीक्षा म्हणून प्रसिद्ध केले. डोळसांनी नीट चौकटीत काढलेल्या फोटोंवर शिकलेली तेव्हाची यंत्रे इथे अडखळली. अडखळणारच, हे फोटो धूसर, लेबल अर्धे कापलेले, कुठे भिंगावर बोट आलेले. अनेक प्रश्नांना उत्तरच नव्हते. अशा वेळी माणूस 'दिसत नाही, डबा जरा फिरवा' असे लिहितो. 'दिसत नाही' असे म्हणता येणे हेही पाहण्याचेच अंग आहे, आणि यंत्राला ते वेगळे शिकवावे लागते.

न शिकवल्यास काय होते? सोशल मीडियावरच्या फोटोंना यंत्राने दिलेल्या वर्णनांवर दृष्टिहीन लोक कितपत भरवसा ठेवतात, याचा अभ्यास २०१७ मध्ये झाला. वर्णन आणि मजकूर विसंगत असला, तरी ऐकणारे मनाने काही तपशील भरून दोन्हींचा मेळ घालत आणि वर्णन खरे धरत. यात भोळेपणा शोधू नये. ज्याला पडताळता येत नाही त्याच्यापुढे ठाम स्वरात बोलले की असेच होणार. म्हणून मला चुकीच्या उत्तरापेक्षा चुकीचा सूर अधिक धोक्याचा वाटतो. डेन्मार्कच्या हान्स योर्गन विबर्ग यांनी, ज्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे, २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'बी माय आईज'वर व्हिडिओ कॉलवरचा स्वयंसेवक आजही भेटतो. २०२३ पासून तिथे यंत्रही उत्तर देते. ते लांबलचक आणि सफाईदार बोलते, कधीही थकत नाही, रात्री अकरा वाजता कोणाला त्रास दिल्याचा संकोचही वाटू देत नाही. हा फायदा खोटा नाही. पण सफाई आणि खात्री यांतला फरक कानाला कळत नाही.

आपल्याकडचे उदाहरण नोटांचे आहे. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले. आता १००, २०० आणि ५०० रुपयांच्या नोटा सारख्याच रुंदीच्या, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. फरक चार-चार मिलिमीटरचा. 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मणी' हे अ‍ॅप आणले. इंटरनेटशिवाय चालते, नोट किती रुपयांची ते बोलून सांगते, आणि नोट खरी की खोटी हे आपण सांगत नसल्याचे स्पष्ट करते. आपली मर्यादा आधीच सांगणारे असे यंत्र विरळा, आणि त्याचे श्रेय बँकेला द्यायलाच हवे. तरीही भाजीवाल्यापुढे पिशवी काखोटीला मारून, एका हातात नोट आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभे राहणे म्हणजे काय, हे अ‍ॅपच्या माहितीपत्रकात नसते. बोटांना आधी जे कळत होते, ते कळेनासे झाले आणि मग ते सांगायला कॅमेरा आला. कागद थोडा लांब-आखूड कापला असता, तर यातले पुष्कळसे काम कॅमेऱ्याशिवायही झाले असते.