‘समाजस्वास्थ्या’तील प्रश्नोत्तरें : एक साधन-परीक्षण

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, निवाडपत्रें आणि बखरी उभ्या राहतात. मोडींतलें तें अस्सल आणि शंभर वर्षांपलीकडचें तें प्रमाण, असा समज रूढ झाला आहे. त्यामुळें मराठी मनुष्यानें स्वतःविषयीं जें विचारलें, तें ज्या कागदांवर उतरलें ते कागद रद्दींत जातात. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतील वाचकांचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें हें अशांपैकीं एक महत्त्वाचें साधन होय. त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

कर्वे (१८८२–१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ त त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढिलें. त्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजांतील जागा सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनीं हें मासिक चालविलें, तें मरणाच्या वर्षापर्यंत. त्यांत वाचकांनीं हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा, घरांत उच्चारतां न येणाऱ्या गोष्टी विचारल्या, आणि कर्व्यांनीं त्यांस उत्तरें दिलीं. त्यांवरूनच १९३४ त त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. भीमराव आंबेडकर त्यांचे वकील होते. मासिक ज्या विषयाचें, त्या विषयावरील सामान्य वाचकाच्या शंकेस उत्तर मिळालेंच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ. हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथांचा आधारही त्यांनीं दिला. न्यायालयानें तो न मानतां दोनशें रुपये दंड केला.

असे खटले मुंबईंतच झाले असें नाहीं. एलिस यांचा समलिंगी आकर्षणावरील ग्रंथ विकल्याबद्दल १८९८ त इंग्लंडांत एका विक्रेत्यावर खटला झाला होता. बर्लिनचे डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड १९३१ त हिंदुस्थानांत व्याख्यानें देऊन गेले. मे १९३३ त त्यांच्या संस्थेचा ग्रंथसंग्रह नात्सींनीं जाळिला. बर्लिनचा संग्रह गेला, ‘समाजस्वास्थ्या’चे अंक मात्र राहिले. संग्राहकांनीं हा भेद ध्यानांत धरावा.

आतां या साधनाची योग्यता पाहूं. याआधीं अशा व्यक्तींचा उल्लेख आपल्याकडे नाहीं असें मुळींच नाहीं. वात्स्यायनानें ‘तृतीया प्रकृति’ सांगितली. नारदस्मृतींत विवाहाच्या विचारांत पंढांचे चौदा प्रकार मोजिले. मराठी राज्यांत हिजड्यांस रोख रकमेचे व जमिनीचे परंपरागत हक्क होते, व कंपनी सरकारनें ते चालविण्यास एकोणिसाव्या शतकांत हरकत घेतली. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं १९८७ त याविषयीं सविस्तर लिहिलें आहे. परंतु शास्त्रकार वर्गीकरण करितो, कारकून हक्काची नोंद करितो. दोहोंकडे ती व्यक्ति तृतीय पुरुषांतच राहते. ‘समाजस्वास्थ्या’त वाचक आपल्याच देहामनाविषयीं आपण होऊन विचारतो. प्रथम पुरुषाचा हा प्रवेश हेंच या साधनाचें खरें मोल.

तथापि गुणांबरोबर उणीवाही सांगितल्या पाहिजेत. छापील प्रश्न संपादकाच्या हाताखालून गेलेला असतो, तेव्हां त्यास मूळ पत्राची प्रतिष्ठा देतां येत नाहीं. दुसरें, कर्व्यांची परिभाषा युरोपीय वैद्यकाच्या वळणाची. तीमुळें भीति कमी झाली असेल. पण प्रश्नकर्त्याच्या तोंडचा गांवठी शब्द त्या भाषांतरांत हरवण्याचा संभव राहतो. तिसरें, कोणाविषयीं ओढ वाटते हा प्रश्न निराळा, आणि आपण स्त्री कीं पुरुष हा निराळा. कामेच्छेच्या चर्चेंत दुसरा प्रश्न पहिल्यांत सहज बुडून जातो. आपल्या परंपरेंत हा विवेक होता. जैन शास्त्रकारांनीं शरीराचें चिन्ह आणि अंतरींचा ‘वेद’ हीं वेगळीं मानिलीं, व शाकटायनानें स्त्रीमुक्तीच्या वादांत त्या शब्दांचा बारकाईनें विचार केला.

येथें एक व्याकरणाची गोष्ट हस्तलिखितवाल्यांच्या कामाची आहे. संस्कृतांत अस्मद् शब्दास लिंग नाहीं. मराठी ‘मी’सही नाहीं. परंतु भूतकाळीं अकर्मक क्रियापद आलें कीं ‘मी गेलों’ अथवा ‘मी गेलें’ यांपैकीं एक बोलावेंच लागतें. म्हणजे मराठींत आपली साधी हकीकत सांगणारा मनुष्य अशा प्रत्येक वाक्यास आपलें लिंग जाहीर करितो. एखाद्या खासगी पत्रांत पुरुषनामाखालीं स्त्रीलिंगी क्रियापद आढळलें, तर तो हस्तदोष समजून ‘शुद्ध’ करणारा संपादक कदाचित् पत्रांतला सर्वांत मोलाचा पुरावाच खोडीत असतो. पाठ जसा आहे तसा छापावा व शंका टीपेंत द्यावी, हा जुना नियम येथें अधिकच कडकपणें पाळला पाहिजे.

उलट बाजूचा उतावीळपणाही नको. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी किंवा एकनाथांच्या गौळणी स्त्रीमुखानें बोलतात. तो भक्तिकाव्याचा संकेत आहे. त्यावरून कवीच्या देहस्वभावाचें अनुमान काढणें म्हणजे संकेतास चरित्र समजणें होय. जेथें संकेत नाहीं, कांहीं मिळवावयाचें नाहीं आणि लिहिण्यांत धोका आहे, तेथील शब्दास आम्ही अधिक वजन देतों.

या दृष्टीनें लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) हें आत्मकथन कर्व्यांच्या अंकांशेजारीं ठेवून वाचावें. नांवानिशीं, उघडपणें केलेलें हें निवेदन. मात्र शब्दांकन वैशाली रोडे यांचें आहे. वक्ता एक व लेखक दुसरा हा प्रकार आपणांस नवा नाहीं. म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’ ऐकीव आठवणींवरच उभें आहे. तेथें जी कसोटी लावितों, तीच येथें लावावी; कमी नको, अधिकही नको.

शेवटीं संग्रहाविषयीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमानें अशा संबंधांस गुन्हा ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ त तृतीयपंथीयांस स्वतःचें लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस त्या कलमांतून मुक्त केलें. मधल्या दीडशें वर्षांत असें पत्र जपून ठेवणें म्हणजे आपल्याविरुद्ध पुरावा जपणें होतें. कागद थोडे असण्याचें हें एक सबळ कारण आहे. माणसें थोडीं होतीं असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पिढ्यान् पिढ्यांचे वंश सांगतात. परंतु ज्याची शाखा त्याच्याजवळच थांबली, तो काय मनांत घेऊन जगला, हें त्या सांगूं शकत नाहींत. तें सांगणारीं पत्रें, रोजनिशा व मासिकांचे सुटे अंक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर असतील, तर वाडा पाडण्यापूर्वीं ते उतरवून घ्यावेत. हयात व्यक्तींचीं व त्यांच्या आप्तांचीं नांवें संमतीवांचून छापूं नयेत. पण कागद मात्र फाडूं नये. सनदेइतकीच काळजी या कागदांची घेणें, हें संग्राहकांचें कर्तव्य आहे असें आम्ही समजतों.

नाशिक रोड