तसबिरीचा पुरावा : ‘संशयकल्लोळ’मधील दांपत्य आणि संशय

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाट्यकर्तृत्वाची चर्चा प्रायः ‘शारदा’ (१८९९) या नाटकाभोवती फिरत राहिली. ‘संशयकल्लोळ’ हे मात्र निर्मळ विनोदाचे आणि पदांच्या बळावर टिकून राहिलेले नाटक म्हणून बाजूला ठेवण्याची रीत पडली. त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वंशावळीच्या स्वरूपाचे असते : मोलिएरचे ‘स्गानारेल’ (१६६०) हे एकांकी पद्य प्रहसन, त्यावर आधारलेले आर्थर मर्फीचे पाच अंकी ‘ऑल इन द राँग’ (१७६१), त्यावरून देवलांचे आधीचे गद्य ‘फाल्गुनराव’ आणि अखेरीस गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी रंगभूमीवर आणलेले संगीत रूप. ही माहिती आवश्यक आहे. परंतु कृतीचे मूळ सापडले म्हणजे तिचा अर्थ सापडला, असे समजण्याचे कारण नाही.

नाटकाचे सारे यंत्र एका तसबिरीवर चालते. भररस्त्यात रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेच कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना ती फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती पाहून अश्विनशेठ रेवतीच्या निष्ठेविषयी साशंक होतो. तसबीर एकच, पण ती ज्याच्या हाती जाईल त्याच्याविरुद्ध साक्ष देते. तिचा अर्थ तिच्यात नाही. तो पाहणाऱ्याच्या मनात आधीच तयार असतो आणि तिचे निमित्त होताच प्रकट होतो.

येथे देवलांच्याच दुसऱ्या रूपांतराची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘ऑथेल्लो’चे रूपांतर असलेले ‘झुंजारराव’ (१८९०) त्यांनी याच्या आधी रचले होते. हातरुमालासारखी क्षुल्लक वस्तू पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा ठरते, हे सूत्र त्यांच्या परिचयाचे होते. मात्र शोकात्मिकेत तो पुरावा कोणीतरी रचतो. तेथे कारस्थान आहे आणि म्हणून दोषाला एक धनीही आहे. ‘संशयकल्लोळ’मधील मूळ घोटाळ्याला कारस्थानी माणूस लागत नाही. प्रत्येक पात्र जे पाहते ते खरोखरच घडलेले असते. फाल्गुनरावाने परस्त्रीला सावरले हे खरे, कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर होती हेही खरे. खोटा आहे तो केवळ निष्कर्ष. या दृष्टीने पाहता हे प्रहसन शोकात्मिकेहून अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण येथे खलपुरुषाला हाकलून घर सुरक्षित करता येत नाही.

डाव उलटण्याची रीतही याच रचनेतून येते. संशयी नवराबायको सत्य शोधण्यासाठी जे जे करतात, त्याने एक नवी संशयास्पद घटना जन्माला येते. पाळत ठेवायची तर चोरपावलांनी वावरावे लागते. आणि चोरपावलांनी वावरणारा माणूस दुसऱ्याच्या नजरेत आपोआप गुन्हेगार ठरतो. नोकराला दरडावून विचारावे तर तो गडबडतो. त्याच्या गडबडण्यातच कबुली वाचली जाते. चौकशी पुरावा शोधीत नाही, ती तो निर्माण करते. मोलिएरकडे हा गुंता सोडविण्यासाठी एक दासी पुढे येते आणि प्रत्येकाला क्रमाने साधे प्रश्न विचारते. जे प्रश्न विवाहितांना परस्परांना विचारता आले नाहीत, ते विचारण्यास तिऱ्हाइताची गरज पडावी, यातला उपहास बोचरा आहे.

तथापि सर्वांचा संशय सारख्याच मापाचा मानणे, ही या नाटकाच्या रूढ वाचनातील मोठी उणीव होय. मोलिएरची सेली ही गृहस्थाची कन्या आहे. बाप तिचे लग्न दुसरीकडे ठरवू पाहतो, एवढेच तिचे संकट. देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरात जन्माला घातले आणि मूळ कथेचा तोलच बदलला. फाल्गुनराव व कृत्तिका कितीही भांडले तरी त्यांचे दांपत्य समाजमान्य आहे. संशय फिटला की ती दोघे होती तेथे परत येतात. रेवतीला परतण्यासाठी अशी जागा नाही. अश्विनशेठच्या मनात शंका येते तेव्हा तिच्या कुळाविषयीचा सार्वत्रिक ग्रह त्या शंकेच्या पाठीशी आयताच उभा असतो. कृत्तिकेच्या मत्सरालाही त्याच ग्रहाचे इंधन मिळते. प्रेक्षक हसतो ते दांपत्याला. धोक्यात असते ती विवाहाच्या उंबरठ्याबाहेरची स्त्री.

संगीत रूपामुळे हा भेद अधिक ठळक झाला. लोकप्रिय झालेली पदे मुख्यत्वे रेवती आणि अश्विनशेठ यांच्या वाट्याची. फाल्गुनरावाचे सामर्थ्य गद्यात. प्रयोगातही बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव अशी दोन निराळी आकर्षणे निर्माण झाली. गद्यातला संशय हास्यास्पद, गाण्यातला मात्र हळवा, अशी विभागणी प्रेक्षकाच्या मनात नकळत रुजली. त्यामुळे अश्विनशेठ आणि फाल्गुनराव एकाच तर्कदोषाचे धनी आहेत, हे सुरांच्या आड दडून राहते. (नावांची योजनाही पाहण्यासारखी आहे : पुरुषांना महिन्यांची, स्त्रियांना नक्षत्रांची नावे. कृत्तिका हे नक्षत्र कार्तिकाचे, फाल्गुनाचे नव्हे. देवलांना ही विजोड जुळणी अभिप्रेत होती की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने करावा.)

शेवटी सर्वांचा उलगडा होतो, पण कोणी कोणाला काय विचारले याचा हिशेब सारखा होत नाही. तसबीर दिली अश्विनशेठने, भोवळ आली ती दैवयोगाने. ती तसबीर परक्याच्या हाती कशी गेली, याचा जाब मात्र द्यावा लागला तो रेवतीला.