गर्भ दोघांचा, बोल एकीला

2018 साली आलेल्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अपत्याचे लिंग पित्यामुळे ठरते, असे स्पष्ट सांगितले आहे. हे उत्तमच झाले. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या आजीला साताऱ्यातली शाळकरी नात आता उत्तर देऊ शकते. शुक्राणू कमी असल्यास मूल होण्यात अडचण येते, हेही पुस्तकात आहे. आमची तक्रार पुढची आहे. गर्भ राहिला की पुस्तकातून पिता नाहीसा होतो, आणि ‘हिच्या कुशीत गर्भ टिकत नाही’ या वाक्याला उत्तर उरत नाही.

वार आपण आईचीच समजतो. पण 1984 मध्ये उंदरांवर प्रयोग झाले, त्यांत दोन्ही जनुकसंच मादीचेच दिले. गर्भ काहीसा वाढला, वार मात्र जेमतेम! मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतील पुरुषांचा होता. नेहमीच्या तपासणीत त्यांचे वीर्य निर्दोष होते. तरी शुक्राणूंतील एच-19 जनुकाजवळच्या डीएनएवर मिथाइलच्या खुणा कमी आढळल्या. या एका अभ्यासावरून आता नवऱ्याला दोषी धरू नये. बीजांडातील गुणसूत्रदोष हे मोठे कारण आहेच. पण तपासणीला दोघांनी जावे, एवढी एक ओळ त्या धड्यात सहज मावली असती.