सावली नेमकी कोठे पडते?

शाळेचे अंगण दुपारी तापते, म्हणून त्यावर पत्रे टाकायचे, हा उपाय आता जणू ठरूनच गेला आहे. वर्गणी जमते, लोखंडी खांब उभे राहतात, पत्रे चढतात. आमचा आक्षेप खर्चाला नाही, त्यामागच्या विचाराला आहे. तो विचार माध्यान्हीचा आहे. पश्चिमाभिमुख अंगणातला त्रास मात्र तिसऱ्या प्रहराचा असतो.

पुण्याचे उदाहरण घेऊ. २१ मार्चला तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंशांहून वर असतो. छपराची सावली तेव्हा बहुतेक छपराखालीच पडते. चार वाजता मात्र सूर्य पश्चिमेकडे सुमारे ३८ अंशांपर्यंत उतरतो. छप्पर ३ मीटर उंच असेल, तर ऊन साडेतीन मीटरांहून अधिक आत शिरते. अंगण ४ मीटर रुंद असल्यास मुलांना भिंतीलगतची चिंचोळी पट्टी उरते; उरलेली सावली भिंतीवर चढलेली असते! शिवाय तापलेला पत्रा खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उष्णता टाकत राहतो, ती वेगळीच.

तिरपे ऊन अडवायला आडोसा उभाच हवा. पश्चिमेला बांबूच्या तट्ट्या, गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे सोडावेत. वाऱ्यासाठी खाली फट ठेवावी आणि वादळात ते गुंडाळता यावेत. पडदा भिजवला तर १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. कोकणच्या दमट हवेत हा लाभ थोडाच; आणि जेथे पाणी टँकरने येते तेथे पडदा कोरडाच ठेवावा. ऊन तर तोही अडवतो. पत्रा पावसात उपयोगी आहे, हे आम्ही नाकारत नाही.

खरी उणीव आपल्या अध्यापनात आहे. ‘सकाळ-संध्याकाळ सावली लांब, दुपारी आखूड’ हे मुलांना पाठ असते. काठीची सावलीही आपण मोजून घेतो, पण तेच माप छपराला लावायला सांगत नाही. २१ मार्चच्या सुमारास चार वाजता अंगणात १ मीटरची काठी उभी करावी. सावली सव्वा मीटरच्या आसपास भरेल. छपराच्या उंचीने तिला गुणले की ऊन किती आत येणार याचा अंदाज येतो. हा गुणाकार मुलांनी पालकसभेत फळ्यावर मांडावा. वर्गणीची पावती त्यानंतर फाडावी.