विशेषणाचा ताबा

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंचे मृत्युपत्र मी मराठीत लिहून दिले. बाई इंदूरच्याच. घराणे पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून माळव्यात आलेले, बाहेरचा व्यवहार सारा हिंदीत; परंतु अखेरची इच्छा आपल्या भाषेत लिहिली जावी असा त्यांचा आग्रह होता, आणि कायद्याची त्याला आडकाठी नाही. त्या मृत्युपत्रात एक वाक्य असे होते: ‘माझे सर्व दागिने माझ्या अविवाहित मुली व नाती यांना समभागाने द्यावेत.’ पुढे बाई वारल्या. त्यांच्यामागे दोन अविवाहित मुली, एक अविवाहित नात आणि एक लग्न झालेली नात अशा चौघी राहिल्या. या चौथीला वाटा आहे की नाही, याचा खल विजयनगरातील माझ्या बैठकीच्या खोलीत तीन संध्याकाळ चालला. एक पक्ष म्हणे, ‘अविवाहित’ हे विशेषण केवळ मुलींचे आहे. दुसरा म्हणे, ते मुलींइतकेच नातींचेही आहे. व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य होते. मजकूर माझ्या हातचा असल्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडेच पाहात होते, आणि बाईंच्या मनात काय होते हे मला सांगता येईना. मी त्यांना ते विचारलेच नव्हते, कारण लिहिताना ते वाक्य मला अगदी स्वच्छ वाटले होते.

आपल्याकडे मराठी गद्याच्या दुर्बोधतेची चर्चा पुष्कळ होते, परंतु ती बहुधा शब्दांची होते. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनामांचे व परिभाषेचे कोश सिद्ध केले. आणि या प्रत्येक वेळी वाद झाला तो फारसी शब्द असावा की संस्कृत, जुना असावा की नवा, एवढाच. माझ्या त्या वाक्यात मात्र एकही शब्द कठीण नाही. चौथीतल्या मुलालाही तो प्रत्येक शब्द कळेल. अस्पष्टता शब्दांत नव्हती, ती त्यांच्या मांडणीत होती. शब्दासाठी कोश उघडावा लागतो, म्हणून कठीण शब्द निदान आपले काठिण्य लपवीत नाही. मांडणीतला दोष वाचणाऱ्याला दिसतही नाही. तो आपल्या सोयीचा अर्थ घेऊन पुढे जातो आणि दुसरा अर्थ संभवतो हे त्याला दुसरा पक्ष उभा राहिल्यावर कळते.

या दोषाचा मराठीपुरता उगम कोठे आहे, याचा विचार करताना मला एक गंमत आढळली. ‘म्हातारे पुरुष आणि बायका’ असे कोणी लिहिले, तर ‘म्हातारे’ या रूपाची वेस ‘पुरुष’ या शब्दापाशी संपते. बायकाही वयस्क असतील तर मराठी माणूस ‘म्हातारे पुरुष आणि म्हाताऱ्या बायका’ असेच म्हणेल. आपली कोकणी भगिनीही नेमके हेच करते: ‘जाण्टे दादले आनी बायलो’ म्हटले की मन किंचित अडखळते आणि ‘जाण्ट्यो बायलो’ असे पूर्ण ऐकू इच्छिते. विशेषणाला लागलेला हा लिंगवचनाचा प्रत्यय म्हणजे त्याच्या मालकीचा शिक्का आहे. कोणत्या नामाकडे त्याचा ताबा आहे, हे त्यावरून कळते. आता ‘म्हातारे’ काढून त्याच्या जागी ‘वृद्ध’ घालावे. ‘वृद्ध पुरुष आणि स्त्रिया’: शिक्का गेला! ‘वृद्ध’ चालत नाही, म्हणजे विकार पावत नाही. तो पुरुषांपुढेही तसाच आणि स्त्रियांपुढेही तसाच. ‘अविवाहित’, ‘पात्र’, ‘निराधार’, ‘संबंधित’, ‘स्थानिक’ या कागदोपत्री मराठीच्या लाडक्या विशेषणांची एकेक करून परीक्षा करावी. त्यांपैकी एकही चालत नाही. संस्कृत शब्द जड असतो म्हणून मी त्याच्यावर रागावलेला नाही. तो येताना आपल्या भाषेची एक राखण काढून घेतो आणि तिच्या जागी दुसरी बसवण्याची जबाबदारी लेखकावर टाकतो, एवढेच माझे म्हणणे आहे. फारसीतून आलेला ‘गरीब’ किंवा ‘हुशार’ हेही तसेच वागतात. तेव्हा हा दोष कोणा एका भाषेच्या माथी मारता येत नाही. शिवाय राखण आपलीही फार भक्कम नाही. ‘म्हाताऱ्या पुरुषांना आणि स्त्रियांना’ असे म्हणताच सामान्यरूपात सारी लिंगे एकसारखी होतात आणि खरे मराठी विशेषणही मुके होते. कायद्याच्या भाषेत तर माणसे बहुधा सामान्यरूपातच येतात: त्यांना काही द्यायचे असते, नाही तर त्यांच्याकडून काही घ्यायचे असते.

मग उरते ती पुनरुक्ती. ‘माझ्या अविवाहित मुलींना आणि माझ्या सर्व नातींना’ असे मी लिहिले असते, तर चौथीला वाटा होता. ‘माझ्या अविवाहित मुलींना आणि माझ्या अविवाहित नातींना’ असे लिहिले असते, तर नव्हता. दोन्ही वाक्यांत ‘माझ्या’ हा शब्द दोनदा आला आहे, ‘ना’ हा प्रत्यय दोनदा आला आहे. दोन्ही अंगे एका मापाची झाली आहेत आणि विशेषण कोणत्या अंगात आहे हे उघड दिसते. परंतु मला शाळेत शिकवले होते की एकच शब्द एका वाक्यात पुन्हा येणे हा दोष होय. म्हणून मी प्रत्यय वाचवला, ‘माझ्या’ वाचवला आणि शेवटी ‘यांना’ या सर्वनामाची एक टोपली ठेवून साऱ्या वारसांना तीत भरले. हे ‘यांना’, ‘यांनी’, ‘यांचे’ मराठी गद्याला फार सोयीचे आहे. नामावली कितीही लांबली तरी एका प्रत्ययात काम भागते. पण टोपलीत शिरताना कोणते विशेषण कोणाच्या अंगावर होते, हे मागून ओळखता येत नाही. ललित निबंधात हे चालेल. मृत्युपत्रात या काटकसरीची किंमत एका मुलीने तिच्या आजीच्या दागिन्यांत मोजायची होती.

ही अडचण केवळ आपलीच नाही. १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या २७ व्या कलमात इंग्रजीमध्ये काही क्रिया ओळीने सांगितल्या होत्या: विक्रीसाठी तयार करणे, विकणे, साठा करणे किंवा विक्रीसाठी मांडणे, वाटप करणे. यांतील ‘साठा करणे’ हा स्वतंत्र गुन्हा आहे की ‘विक्रीसाठी साठा करणे’ हाच गुन्हा आहे, असा प्रश्न महंमद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निकाल १९७९ च्या संग्रहांत छापलेला आहे. ‘साठा’ दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दानंतर स्वल्पविराम नाही, यास्तव पुढचे ‘विक्रीसाठी’ त्यालाही लागू आहे, आणि नुसता साठा बाळगणे हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. एका माणसाची शिक्षा एका अनुपस्थित चिन्हावर फिरली. अमेरिकेतील मेन राज्यात २०१७ साली दूधगाडीवाल्यांचा असाच एक खटला गाजला. जादा कामाच्या वेतनातून वगळलेल्या कामांच्या यादीत ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधाबांध’ असे एकच काम होते, की ‘बांधाबांध’ आणि ‘वितरण’ अशी दोन, हा वाद होता. गाडीवाल्यांच्या वकिलांनी एक सुंदर मुद्दा काढला: यादीतील इतर सारी कामे एका घडणीच्या क्रियावाचक नामांनी सांगितली आहेत, ‘पाठवणी’ व ‘वितरण’ या अर्थाचे दोनच शब्द वेगळ्या घडणीचे आहेत, म्हणून ते एकमेकांचे जोडीदार होत. न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून संशयाचा फायदा कामगारांना दिला, आणि पुढच्या वर्षी दूधसंस्थेने पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली. समान अर्थाच्या गोष्टी समान रूपात सांगाव्यात, या व्याकरणातील रूक्ष नियमाला इतका मोठा मोबदला क्वचितच मिळाला असेल.

वस्तुतः हे शास्त्र मराठीला नवे नाही. गोपाळ गणेश आगरकरांचा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा ग्रंथ १८८८ सालचा. त्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. ‘सुधारक’ही द्वैभाषिक होता, मराठी बाजू आगरकर पाहात, इंग्रजी बाजू गोखले. आगरकरांचे चरित्र सांगताना आपण त्यांचे सामाजिक निबंध सांगतो, कोल्हापूर प्रकरणी टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस सांगतो आणि व्याकरणाचा हा ग्रंथ एखाद्या पोटार्थी कामासारखा शेवटच्या ओळीत उरकतो. मला हे अन्यायाचे वाटते. बेअब्रूच्या खटल्यात ज्याला तुरुंग पाहावा लागला, त्याने सहा वर्षांनी वाक्याचे अवयव सुटे करून दाखवावेत, यात मला विसंगती दिसत नाही. लिहिलेल्या वाक्याबद्दल आपल्याला कोणी जाब विचारू शकतो, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला वाक्यातील कोणता शब्द कोणाचा हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही.

या विद्येचे पुढे आपण जे केले ते मात्र खेदकारक आहे. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार असे रकाने आखून वाक्यपृथक्करण शाळांतून शिकवले गेले. विस्तार म्हणजे दुसरे काय? अमुक शब्द अमुक नामाच्या पदरी आहे, अशी नोंद. जमीनमहसुलाच्या उताऱ्यासारखीच ती आहे, आणि तितकीच उपयुक्त. परंतु मुलांना दिली जाणारी वाक्ये आधीच निर्दोष असत. त्यांचे पृथक्करण करून गुण मिळत. ज्या वाक्यात विस्तार दोन रकान्यांत बसू शकतो, असे वाक्य मला तरी परीक्षेत कधी आले नाही. ते थेट वकिलीत आले. आगरकरी पद्धतीवर आणखी एक आक्षेप घेता येईल. तिचा साचा इंग्रजी आहे, आणि इंग्रजीत अर्थ मुख्यतः शब्दाच्या जागेवर ठरतो. मराठीत तो जागा आणि प्रत्यय या दोहोंनी ठरतो. तेव्हा वर सांगितलेली विकारी आणि अविकारी विशेषणांची भानगड इंग्रजी साच्यात सापडणार नाही. ती आपली आपणच शोधली पाहिजे.

जुने मराठी गद्य या बाबतीत अधिक सावध होते, असे माझे मत आहे. लीळाचरित्रातील वाक्ये इतकी आखूड आहेत की विशेषणाला भटकायला जागाच नाही. होळकर दरबाराचे मोडी कागद पाहावेत: शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, तरी कोणी, कोणाला, काय द्यावे हे लागते, कारण प्रत्येक कलम आपापल्या क्रियापदावर थांबते. विरामचिन्हे आली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. आणि त्यांच्या आधाराने आपले वाक्य लांबले. १८७४ पासून निघालेल्या निबंधमालेत चिपळूणकरांनी लांब वाक्याला डौल आणला. त्यांचा आवेश बाजूला ठेवून केवळ बांधणी पाहिली तर दिसेल की ती वाक्ये कोसळत नाहीत, कारण त्यांचे अवयव एकमेकांसारखे घडवलेले आहेत. ‘जे’ आले की ‘ते’ येते, ‘ज्या’ला ‘त्या’ भेटतो. नंतरच्यांनी लांबी उचलली, जोडकाम उचलले नाही.

आजच्या कार्यालयीन मराठीचा मासला म्हणून मी एक वाक्य रचून देतो. असे वाक्य पाहिले नाही असा वाचक विरळा. ‘अर्जांची छाननी करून पात्र अर्जदार व त्यांचे कुटुंबीय यांना मदत देण्यात येईल.’ छाननी कोणी करायची? ‘करून’ या रूपाचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून वेगळा नसावा, हा मराठीचा स्वभाव. इथे मुख्य क्रियापद ‘देण्यात येईल’, त्याला कर्ताच नाही. म्हणून छाननीलाही नाही. कुटुंबीयांची पात्रता पाहायची की नाही? मदत प्रत्येकाला वेगळी की साऱ्यांना मिळून एक? एका ओळीत तीन प्रश्न, आणि त्यांचे उत्तर खिडकीपलीकडे बसलेला माणूस त्या दिवशी देईल ते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. दोन्ही भाषांतील अभिमानी मंडळी कोणत्या भाषेत किती कागद निघतात हे मोजतात. त्या कागदांतील ‘करून’चा कर्ता कोण, हे कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही.

नकाराचे प्रकरण याहून वाईट. ‘मी पैशासाठी तो खटला चालवला नाही.’ खटला चालवला की नाही? चालवला, पण पैशासाठी नव्हे. किंवा पैसे खाऊन चालवला नाही. एका अर्थी सज्जन, दुसऱ्या अर्थी लाचखाऊ, आणि शब्द तेच. बोलताना स्वराचा हेल निवाडा करतो. कागदाला हेल नसतो. वास्तविक मराठीजवळ ‘च’सारखे हत्यार आहे. ‘घराचेच भाडे’, ‘घराचे भाडेच’ यांत संशयाला वाव नाही, कारण ‘च’ ज्या शब्दाचा, त्याच्या शेपटीलाच चिकटतो. तो सोडून आपण ‘फक्त’ आणि ‘केवळ’ वाक्याच्या तोंडाशी सोडून देतो, आणि ते मोकाट गुरासारखे कोणाच्याही शेतात शिरतात.

त्या दागिन्यांचे अखेर आपसांत मिटले. दोघी अविवाहित मुलींपैकी थोरली तिसऱ्या संध्याकाळी म्हणाली, “काका, आईला व्याकरण येत नव्हतं, आणि तिने कुणाला वगळलंही नसतं.” माझ्याहून वयाने मोठी असून ती मला काका म्हणते, ते केवळ वकिलाच्या मानासाठी. चार वाटे झाले. चौथ्या वाट्यात एक मोत्यांची नथ होती. लग्न झालेल्या नातीने ती तिथेच कागदात गुंडाळली, आणि जाताना मला नमस्कार केला नाही. तीन संध्याकाळ तिच्यासमोर तिच्या नातेपणाची चर्चा चालली होती, ती माझ्या एका वाचवलेल्या ‘ना’मुळे. त्यानंतर मी लिहिलेल्या मृत्युपत्रांत प्रत्येक वारसाला स्वतंत्र वाक्य असते, प्रत्येक वाक्यात ‘माझ्या’ असते आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा प्रत्यय असतो. कागद दीड पान वाढतो. टंकलेखक कुरकुरतो, आणि एका साहित्यप्रेमी अशिलाने तर मसुदा वाचून मला विचारले की वकीलसाहेब, आपली भाषा इतकी पाल्हाळिक कधीपासून झाली?