शेवटच्या ओळीतला संकेतांक

हा विषय फलटणमध्ये मांडताना मला विशेष बरं वाटतंय. इथलं कमला निंबकर बालभवन आपण सगळे ओळखतो. पण ज्यांच्या नावानं ती शाळा आहे त्या कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचार शिकवणारी शाळा काढली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मूळच्या अमेरिकेतल्या बाई. त्या शास्त्रातली एक साधी गोष्ट मला फार आवडते: हात वळत नसेल तर माणसाला बोल लावू नका, चमच्याची मूठ जाड करा.

आज ज्या चमच्याबद्दल बोलायचंय तो म्हणजे सरकारी संकेतस्थळ.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत. दृष्टी गेलेली, पण मोबाइल बोलता करून सगळं वाचतात. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाची सूचना लागली. मास्तरांनी ती उघडली, तर फोन एवढंच म्हणाला: ‘इमेज’. सूचना म्हणजे कागदाचा फोटो होता. मुदत कधीची, हे त्यांना कळलं तेव्हा ती उलटून चार दिवस झाले होते. गंमत बघा, त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात अक्षर लहानमोठं करायची तीन बटणं होती. फोटोतलं अक्षर त्या बटणांनी हलत नाही! दारात रांगोळी काढायची आणि दाराला आतून कडी घालायची, असला प्रकार.

आता शासन निर्णय घ्या. प्रत्येकाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक. तो संकेतांक १८ आकड्यांचा. त्यातले पहिले चार वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग दोन दिवसाचे. म्हणजे रचना आहे, आणि ती चांगली आहे. हे श्रेय द्यायला हवं. पण हे आकडे एका दमात, कुठंही न तोडता छापतात. डोळे असलेला माणूससुद्धा नवव्या आकड्यावर बोट ठेवून मोजतो. ऐकणाऱ्यानं काय करायचं?

त्याहून मोठी अडचण शीर्षकांची आहे. मराठी कार्यालयीन भाषेत शीर्षक ‘…बाबत’वर संपतं आणि बऱ्याचदा ‘सन अमुक-तमुक या आर्थिक वर्षात’नं सुरू होतं. कामाचा शब्द, म्हणजे विहीर, शिष्यवृत्ती, पीकविमा, मध्ये कुठंतरी दडलेला. नजर यादीवरून उड्या मारत जाते, कानाला उडी मारता येत नाही. दहा निर्णयांची यादी ऐकताना दहा वेळा तेच वर्ष ऐकावं लागतं. ‘पीकविमा: भरपाईचं वाटप, २०२३-२४’ असं लिहायला कुठल्या तंत्रज्ञाची गरज नाही. टिपणी लिहिणाऱ्या कारकुनानं शब्द पुढे आणला की झालं.

जुन्या फॉन्टांचं दुखणं तर आपलं घरचंच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीनं ‘क’ हा ‘क’ नसतोच, एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. पडद्यावर छान मराठी दिसतं, वाचून घ्याल तर निव्वळ गोंगाट. शोधलं तरी सापडत नाही, म्हणजे डोळसांचंही नुकसान. युनिकोडमधली पीडीएफसुद्धा नीट बनवली नसेल तर वेलांट्या-जोडाक्षरं विस्कटतात.

कायदा नाही म्हणून हे घडतं का? तसं नाही. केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. अडचण अशी, की कायदा सक्तीचं बोलत होता आणि खालचे नियम शिफारशीच्या सुरात होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावर बोट ठेवलं आणि सक्तीचे निकष वेगळे काढायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५च्या निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

एक आक्षेप नेहमी येतो: ‘अहो, असे लोक आमच्या वेबसाइटवर येतातच किती?’ विहिरीला पायऱ्या ठेवायच्या नाहीत, आणि मग म्हणायचं, आत कुणी उतरतच नाही! आपल्या जिल्ह्यात लिंबची बारा मोटांची विहीर बघा. पाणी वर काढायला मोटा होत्याच, तरी खाली उतरायला ऐसपैस पायऱ्या बांधल्याच ना.

खर्चाचंही सांगतात. म्हणून मास्तरांची ती सूचना मी स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून पाहिली. चौदा ओळी होत्या. टायपिंगचा सराव मला नाही, तरी अकरा मिनिटं लागली. मास्तरांनी ती फोनवर ऐकली आणि सहाव्या ओळीतली शुद्धलेखनाची चूक दाखवली. ती मूळ कागदातच होती.